तीन आठवड्यांची सुई

शिरूर,
रविवार, २१ जानेवारी २००१

मुजीबच्या अब्बांना,

सलाम. मी इथे बरी आहे. थंडी अजून हटलेली नाही, सकाळी तोंड धुवायलासुद्धा पाणी तापवावं लागतं. शाळेत सव्वीस जानेवारीच्या कवायतीची गडबड चालू आहे. सातवीच्या मुली डावा पाय आधी टाकायचा की उजवा यावरून रोज भांडतात. मुजीबचं पुण्याहून पत्र आलं, मजेत आहे. खोलीवर भात लागला की अम्मीची आठवण येते म्हणतो, भात करपल्यावरच आठवण येते म्हणून मी त्याला रागावून लिहिलं आहे. मागच्या दारी मेथी इतकी आली आहे की मी विकत आणायची थांबवली. तुम्ही असता तर भाकरीबरोबर खाल्ली असती.

आपांचा अक्रम काल दौंडहून कांद्याचा टेम्पो घेऊन आला. आज दुपारी परत निघेल. हे पत्र त्याच्याच हाती देते आहे. पोस्टाचा भरवसा नाही, आणि जन्नतआपांच्या शेजाऱ्यांच्या फोनवर हे बोलण्यासारखं नाही. आपांना वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

अक्रमने चहा घेताना सांगितलं. "मामी, मामू दहा दिस कंपनीत गेलेलं न्हाईत. कंपनीची बस दारात येती आन् हॉर्न मारून जाती. अम्मी जेवायला हाका मारती, तर भिंतीकडं तोंड करून म्हणत्यात, ठेव तिथं." मग कपाकडे बघत म्हणाला, "नोकरी सोडायचा फॉर्म आणून ठेवलाय. ह्या एकतीस तारखेपातुर सही करायची. म्हणत्यात, औषध अंगाला मानवत न्हाई, आता हे असंच ऱ्हायचं, मग कशाला ओढायचं?"

तो फॉर्म भरू नका. निदान हे पत्र पूर्ण वाचेपर्यंत तरी भरू नका. नंतर मला काय म्हणायचं ते म्हणा.

लहानपणी आमच्या दौंडच्या शाळेत महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी कॅथलिक मुली रांगेने चॅपलमध्ये जायच्या, एकेक करून पाप सांगायच्या आणि पाच मिनिटांत हलक्या होऊन बाहेर यायच्या. माझी मैत्रीण आसिया आणि मी बाहेर चिंचेखाली बसायचो. मी एकदा सिस्टर फिलोमिनांना विचारलं होतं, आम्ही कुणाला सांगायचं? त्या म्हणाल्या, "ज्याचं नुकसान केलंस त्याला. ते जास्त कठीण असतं, बाळ." मला तेव्हा वाटलं होतं, आपण कुणाचं काय नुकसान करणार?

तुम्हाला डिसेंबरातला तो दिवस आठवत असेल. कंपनीच्या वार्षिक तपासणीत हिमोग्लोबिन एकोणीस निघालं, त्यांच्या डॉक्टरांनी काही दिवस काम थांबवायला लावलं आणि आपण पुण्याला गेलो. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. टेस्टोस्टेरॉनने रक्त वाढतं, पण इतकं वाढायला नको होतं, असं म्हणाले. रक्त दाट झालंय, गुठळी होऊ शकते. मग विचारलं, "इंजेक्शन तीन आठवड्यांनीच घेता ना? कमी अंतराने नाही?"

मी तोंड उघडायच्या आत तुम्ही हसलात. "साहेब, आमच्या बाई मास्तरीण हायेत. तीन हप्ते म्हंजी तीन हप्ते. एक दिस इकडं न्हाई, एक दिस तिकडं न्हाई."

डॉक्टर म्हणाले, "मग तुमच्या शरीराला हा डोसच झेपत नाही." त्यांनी तीन महिने सुई बंद केली, पुढे अर्धाच डोस, तोही दीड महिन्याने, असं लिहून दिलं. बाजूच्या खोलीत तुमच्या हातातून पिशवीभर रक्त काढलं. तुम्ही नर्सला म्हणालात, "घ्या बाई, लै हाय माझ्याकडं." मी तुमचा स्वेटर हातात धरून बसले होते.

तीन आठवडे नव्हते.

गेल्या फेब्रुवारीत मुजीबला बघायला माणसं यायची होती. तुमचा तिसरा आठवडा लागला होता, सुईचा असर उतरत चालला होता. त्या आठवड्यात तुम्ही कसे असता ते तुम्हाला ठाऊक नाही, कारण तुम्हाला तेव्हा कशाचंच काही वाटत नाही. पाहुण्यांसमोर तुम्ही मान खाली घालून बसाल या भीतीने मी आठवडाभर आधी सुई दिली. थंडीने कुपीतलं तेलकट औषध घट्ट झालं होतं, मुठीत धरून ऊब दिली, तेव्हाही मला काही गैर वाटलं नाही. तुम्ही त्या दिवशी बॉयलरच्या गमती सांगून सगळ्यांना हसवलंत. संध्याकाळी दाढी करून आलात आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "इशरतबाई, आज लग्नाआधीसारख्या दिसताय की!" ऑपरेशन होऊन ही सुई मागे लागली त्याला सहा वर्षं झाली. त्या मेंदूखालच्या गाठीबरोबर हा आवाजही कापून नेला, असं मी धरून चालले होते.

पुढे तुम्ही सुट्टीला आलात तेव्हा दोनच आठवडे झाले होते, आणि मी परत सुई दिली. मग दर वेळी तेच. दिवाळीच्या सुट्टीत तर दहाच दिवसांनी.

तुम्ही एकदा विचारलंत, "आत्ताच तर दिली न्हवती का?" मी म्हटलं, "नाईट शिफ्टने तुम्हाला दिवसरात्र कळेनाशी झाली आहे." तुम्ही मान डोलावलीत आणि पालथे झोपलात. औषधाच्या दुकानातल्या बन्सीशेठनी विचारलं, "बाई, लवकर संपलं?" त्यांना सांगितलं, एक फुटलं.

तुमचं डोकं दुखायचं, मी ॲसिडचा वास लागला असेल म्हणायची. चेहरा लालबुंद व्हायचा. आपा म्हणाल्या, "माझा भाऊ टमाट्यावानी झालाय गं, कुणाची नजर न लागो," आणि आम्ही दोघींनी तुमची मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्या जाळल्या तरी ठसका आला नाही, तेव्हा आपा म्हणाल्या, बघ, केवढी नजर होती. मी हसले. ज्याने तुमचा जीव जाऊ शकत होता, त्याला मी तब्येत सुधारली म्हणत होते.

हे सगळं मी तुमच्यासाठी केलं, असं वर एक वाक्य लिहिलं होतं. ते खोडलं आहे, डाग दिसेल. खरं असं आहे की तिसऱ्या आठवड्यातले तुम्ही मला नको होतात. सुट्टीला शिरूरला न येणारे, आलात तर ताटातलं चिवडत बसणारे, मी शेजारी बसले तर सरकून जागा करून देणारे. तुम्ही आजारी होतात आणि मला तुमच्याजवळ नुसतं बसता आलं नाही. मला रुसवेफुगवे करणारा, बोलणारा, माझ्याकडे बघणारा माणूस हवा होता. तो काचेच्या कुपीत मिळत होता.

ईदच्या दिवशी सांगणार होते. तुम्ही नमाजाहून आलात, शेवयांना हात न लावता आडवे झालात. मी उशाशी उभी राहिले. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "तू तरी काय करणार? तू तुझ्यापरीनं समदं नीट केलंस." मी शेवयांची वाटी उचलून आत नेली. काल अक्रमने फॉर्मचं सांगितलं नसतं, तर कदाचित मी मार्चपर्यंत गप्प राहिले असते. हेसुद्धा लिहून ठेवते.

काल संध्याकाळी एसटीडी बूथवरून डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी तारखा दोनदा विचारून घेतल्या, मीटर पळत होता. मग म्हणाले, "बाई, मी चुकीच्या आकड्यांवर त्यांचं औषध तोडलं." पुन्हा रक्त तपासायचं आहे. रक्त उतरलं असेल तर योग्य अंतराने, थोड्या कमी डोसने परत चालू करता येईल, आणि मग दर तीन महिन्यांनी तपासायचं. वचन देत नाही म्हणाले, पण औषध मानवत नाही असं आज कुणीच म्हणू शकत नाही. गुरुवारी सकाळी दहाला बोलावलं आहे. उपाशीपोटी या म्हणाले. बाकीच्या गोळ्या नेहमीसारख्याच घ्यायच्या. सुया दिल्याच्या खऱ्या तारखा मला आठवल्या तेवढ्या वेगळ्या कागदावर लिहिल्या आहेत. तो कागद त्यांना द्या.

ते म्हणाले, "त्यांना ठाऊक आहे?" मी म्हटलं, उद्या होईल.

अक्रम तुम्हाला गुरुवारी घेऊन जाईल, मी विचारलं आहे. मला बोलावलंत तर मी पुण्याच्या स्टँडवर येईन. नाही बोलावलंत तर येणार नाही. यापुढे सुई दौंडच्या दवाखान्यातल्या सिस्टरकडून घ्या. कार्डावर त्यांची सही आणि तारीख घ्या. माझ्या हाती देऊ नका, मी मागितली तरी.

तिसरा आठवडा येईलच. तेव्हा शिरूरला यावंसं वाटलं नाही, तर मी दौंडला येऊन बसेन. बोलायला लावणार नाही. तुम्ही नको म्हणालात, तर तसं आपांकडून कळवा.

या पत्राला उत्तर लिहायला आत्ता तुमचा हात उचलणार नाही. तो माझ्यामुळेच उचलत नाही. फक्त सही केली नाही एवढं अक्रमला सांगा, तो फोन करेल.

अल्लाह तुम्हाला सांभाळो. माझ्याकडे सोपवलं होतं तेव्हा मी सांभाळलं नाही.

इशरत