घिरट्या घालून परत गेलेलं विमान

जालना,
३ मे १९९५

ती. चांगुणाअक्कास,
संपतचा सविनय जयभीम. वि. वि.

आम्ही तिघंही खुशाल आहोत. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे ते कळव. तेल लाव म्हटलं की तू हो म्हणतेस आणि पुढच्या खेपेला बाटली तशीच भरलेली सापडते, हे मला माहीत आहे.

एक बातमी आहे, रागावू नकोस. बँकेच्या प्रवास सवलतीत यंदा आम्ही लेहला निघालोय. लेह लडाखात आहे, तिकडं काही गडबड नाही. डोंगरांवर जुने बुद्धविहार आहेत आणि चौदा तारखेच्या बुद्धपौर्णिमेला तिथं असावं ही सत्यशीलाची फार वर्षांची इच्छा. शाळेला सुट्टी लागायच्या आधीपासून तिनं नकाशे काढून ठेवलेत. मित्रा तर वर्गातल्या सगळ्या पोरींना सांगून बसली की आपण विमानात बसणार. मनमाडहून रेल्वेनं दिल्ली, तिथं आपल्या तातेरावकडं एक मुक्काम, मग दहा तारखेला विमान. पंधराला परत. मे महिन्यात तिथले रस्ते अजून बर्फानं बंद असतात, म्हणून जाणं-येणं विमानानंच.

बँकेत विम्याचे अण्णासाहेब येऊन बसतात, त्यांनी प्रवासाचा विमा गळ्यात मारला. पाऊस येवो, विमान चुको, सगळी काळजी मिटली म्हणाले. मी सह्या करून मोकळा झालो. आमचं घर बंद असणार, म्हणून त्याचा कागद टपालानं तुझ्याकडं येईल. कपाटात ठेवून दे.

लोभ आहेच, आम्ही परत येईपर्यंत तो असाच असू दे.

तुझा,
संपत


शहागड,
६ मे १९९५

चि. संपत यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं आंतरदेशीय काल मिळालं. जालन्याला टाकलं तर चुकामूक व्हईल म्हणून हे दिल्लीला तातेरावच्या पत्त्यावर टाकून राह्यले.

रागावू नको म्हणतोस, मंग रागावण्यासारखं करतोस कशाला? बुद्धपौर्णिमा काय जालन्यात व्हत न्हाई? हे खूळ कोणाचं ते मला बराबर माहीत आहे. तिला नकाशे बघायची हौस आणि तुला तिच्या मागं जायची. मास्तरीण आहे, शिकलेली आहे, पण अकरा वर्षांच्या पोरीला घेऊन बर्फात जावं हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय, विचार तिला.

इकडं ऊन आसं की दुपारी हायवेवरचे ट्रकसुद्धा लिंबाखाली उभे राहून राह्यले. माझ्या अंगणवाडीत पोरं येतात आणि पाणी पिऊन झोपतात. गोदावरीच्या वाळूत टरबुजं पिकलीत. मित्रासाठी दोन मोठी सांगून ठेवलीत, ती येईपर्यंत वेलावरच राहू द्या म्हणलं.

पोचल्याचं पत्र जल्दी टाक. तुमची खबर आली न्हाई की मला घास जात न्हाई.

सत्यशीलेस आशीर्वाद सांग. पोरीला सांभाळा.

तुझी,
अक्का


लेह,
१४ मे १९९५

ती. अक्कास,
जयभीम.

हे पत्र तुला कधी मिळेल ठाऊक नाही. पोस्टमास्तरांना विचारलं तर म्हणाले, टपालाची थैली विमानानंच जाते आणि विमान येत नाही. तरी लिहून राह्यलो. फोनची लाईन दोन दिवस बंद आहे, आणि सत्यशीलेपाशी बोलायला जीभ उचलत नाही. तीही माझ्यापाशी बोलत नाही. दोघंही एकमेकांना घाबरवायला भितो.

मित्रा आजारी आहे. फार आजारी आहे.

दहा तारखेला उतरलो तेव्हा हॉटेलवाल्यानं बजावून सांगितलं होतं की इथली हवा विरळ आहे, दोन दिवस नुसते पडून राहा. मीच दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एका विहाराच्या पायऱ्या चढायला लावल्या. सत्यशीला नको म्हणत होती. सुट्टीचे मोजके दिवस पडून घालवायचे का, असं मीच तिला म्हणालो. हे मुद्दाम लिहितोय, कारण तू तिला बोल लावशील. चूक माझी आहे.

संध्याकाळी पोरीचं डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या. बारा तारखेला खोकला, आणि श्वास घेताना छातीत बुडबुडे फुटल्यासारखा आवाज. ओठ जांभळे पडले. दवाखान्यातल्या लडाखी डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली आणि लगेच ऑक्सिजन लावला. उंचीमुळं फुप्फुसात पाणी झालंय म्हणाल्या. ऑक्सिजननं वेळ निभेल, पण खरा उपाय एकच, पोरीला खाली न्यायचं. पहिल्या विमानानं न्या म्हणाल्या.

काल विमान आलंच नाही. आज तिला ब्लँकेटात गुंडाळून, सोबत ऑक्सिजनची टाकी घेऊन जीपमधून विमानतळावर नेलं. नऊच्या सुमारास आवाज आला. बसलेली सगळी माणसं उठून उभी राहिली. ढगांच्या वर ते फिरत होतं, एक फेरी, दुसरी, तिसरी. दिसत नव्हतं, नुसता आवाज. मग तो आवाज बारीक होत गेला. मित्रानं मास्क बाजूला करून विचारलं की ते आपल्याला न घेता का चाललं. मी तिचा मास्क परत नीट बसवला. खिडकीवरच्या साहेबांशी मी भांडलो. त्यांनी हात जोडले आणि सांगितलं की डोंगर दिसल्याशिवाय इथं कोणी विमान उतरवत नाही, उतरवलं तर ते तुमच्याही कामाचं राहणार नाही.

अण्णासाहेबांनी दिलेली विम्याची पावती खिशात होती. तिच्यामागं बारीक अक्षरात छापलेलं तिथंच बसून वाचलं. ढगांमुळं विमान आलं नाही, त्याचं त्यात काही नाही. आजाराचंही नाही. अपघात आणि हरवलेलं सामान, बस. सही करताना मी एक ओळ वाचली नव्हती.

भरलेल्या टाक्या चारच राहिल्यात, असं दवाखान्यातला कंपाउंडर बोलून गेला आणि मग माझ्याकडं बघायचं टाळायला लागला. सत्यशीला उशाशी बसून पोरीचे श्वास मोजतेय. चुकली की पहिल्यापासून मोजते.

अक्का, तू इथं असायला हवी होतीस. तुझा हात आमच्या डोक्यावर असू दे.

तुझा,
संपत


शहागड,
१७ मे १९९५

चि. संपत यास,
आशीर्वाद.

तू कुठं आहेस? पोचल्याचं पत्र न्हाई, आल्याचं न्हाई. पंधराला परत येतो म्हणून लिहिलं व्हतंस. आज सतरा. बूथवर जाऊन तातेरावला फोन करावा म्हणलं, तर परवाच्या वादळात फोनचे खांब पडलेत, सगळं गाव मुकं झालंय.

काल पोस्टमननं तुझा तो लिफाफा आणून दिला. खाकी, लांब. संपत, तुझे दाजी ट्रकखाली गेले, त्याच्या सहा महिन्यांनी आसाच लिफाफा आल्ता. हाच रंग. मी दारातच खाली बसले. शेजारच्या साळूबाईनं धरून आत आणलं.

फोडू नये वाटत व्हतं, पण फोडला. तुम्हा तिघांची नावं, पुढं वयं, मंग काही झालं तर किती रुपये ते. आणि खाली वारस म्हणून माझं नाव. चांगुणाबाई, मुक्काम शहागड. मला न विचारता माझं नाव कशाला घातलं? तिघंही गेल्यावर मी कशाला राहू, आणि राहून ते पैसे कुठं ठेवू? घरात तो कागद ठेवू वाटंना. साळूबाईच्या घरी नेऊन दिला. तरी तो डोळ्यापुढून जात न्हाई.

आता जे लिहिते ते सत्यशीलेला वाचून दाखव. तिच्या हौसेपायी पोरीच्या जिवाला काही झालं, तर मी जन्मात तिचं तोंड पाहणार न्हाई. उंबऱ्याच्या आत घेणार न्हाई.

हे बी तातेरावच्याच पत्त्यावर टाकते. दोन ओळी टाक, बाबा. पाया पडते तुझ्या.

तुझी,
अक्का


नवी दिल्ली,
२१ मे १९९५

ती. अक्कांस,
सत्यशीलेचा सविनय जयभीम. वि. वि.

मित्रा बरी आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुम्हाला वाचता येईल.

तुमचं सतरा तारखेचं पत्र आज आलं. ह्यांच्या नावचं होतं, पण हे इथं नाहीत, म्हणून मी फोडलं. माझ्याबद्दल लिहिलेलंही वाचलं. त्याचा राग नाही. दवाखान्यात बसून मी स्वतःला याहून वाईट बोलले आहे.

सोळा तारखेला एकदाचं विमान उतरलं. चार दिवसांची माणसं साठलेली आणि जागा मोजक्या. विमानतळावरच्या साहेबांनी सांगितलं की आजारी माणूस आणि सोबत एकच जण. ह्यांनी विचारसुद्धा केला नाही. मित्राला माझ्या खांद्यावर दिलं आणि दोन पावलं मागं सरकले. डोंगरावर ढग पुन्हा उतरत होते, सगळे लवकर चला, लवकर चला म्हणून ओरडत होते. मी शिडी चढले. विमान वर गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी ह्यांच्याकडं वळून पाहिलंसुद्धा नाही.

ढगांतून जाताना विमान इतकं हादरत होतं की माणसं मोठमोठ्यानं रडत होती. मी पोरीचा मास्क दोन्ही हातांनी दाबून धरला होता. दिल्लीत उतरल्यावर तिचे ओठ पुन्हा लाल झालेले पाहिले. तातेरावभाऊजींनी धावपळ करून दवाखान्यात जागा मिळवली. तीन दिवस ती तिथं होती. तेवढे दिवस तुम्हाला काय लिहावं तेच मला ठरवता येत नव्हतं. आता आम्ही भाऊजींच्या घरी आहोत. मित्रा उठून बसते, वरणभात खाते. पंखा जोरात फिरला की मात्र दचकते आणि विमान परत चाललं का म्हणून विचारते.

पण हे अजून तिथंच आहेत. सोळानंतर तिथं एकच विमान उतरलं, त्यात ह्यांचा नंबर लागला नाही, एवढं विमानाच्या ऑफिसातून कळलं. तिथला फोन लागत नाही. पोरीची भीती सरली आणि ह्यांची बसली. वळून पाहिलं असतं तर इतकी बसली नसती असं वाटतं. तुमच्या बूथचा नंबर ह्यांच्या डायरीत आणि डायरी ह्यांच्या खिशात. तार करावी असं दोनदा मनात आलं, पण तारवाला दारात दिसला तर वाचायच्या आधीच तुमचं काय होईल याची धास्ती वाटली.

त्या विम्याच्या कागदाला भिऊ नका. आमच्या तिघांच्या मागं कोण, असं फॉर्मवर विचारलं होतं. ह्यांना तुमच्याशिवाय कोणी आठवलं नाही, इतकंच.

मनात राग असला तरी माया तोडू नये, ही विनंती.

आपली,
सत्यशीला

ता. क. २२ मे. पत्र टाकायचं राहिलं होतं, आणि आत्ता हे आले. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. मित्राच्या पायाशी बसले आणि तिचं पाऊल हातात धरून राहिले. डॉक्टरांनी आणखी दहा-बारा दिवस प्रवास नको म्हटलंय. हे पत्र टपालात टाकायला भाऊजींकडं देते.


शहागड,
२७ मे १९९५

चि. सौ. सत्यशीला हीस,
चांगुणाअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावानं वेगळं पत्र मी आजवर कधी लिहिलं न्हाई. भावाच्या पत्राखाली तुझी एक ओळ आसायची. हे पहिलंच.

संपतनं चौदा तारखेला लिहिलेलं पत्र मला बावीसला मिळालं. त्यात पायऱ्यांचं सगळं लिहिलंय, तू नको म्हणालीस ते बी. वाचलं आणि तशीच उन्हात पोस्टात गेले. माझं सतराचं पत्र परत द्या म्हणलं. पोस्टमास्तर म्हणाला, बाई, ते कव्हाच दिल्लीला पोचलं आसंल. मंग काल तुझं पत्र येईपर्यंत चार दिवस कसे गेले ते मलाच माहीत. पोर आहे का न्हाई हे ठाऊक न्हाई, आणि तिच्या आईला मी काय लिहून बसले ते ठाऊक. अंगणवाडीतली पोरं खोकली तरी मी दचकत व्हते.

मी लिहिलं ते वाईट लिहिलं. माफी माग म्हणून मला सांगणारं वडीलधारं कोणी राह्यलं न्हाई, म्हणून माझं मीच मागते.

वळून पाह्यलं न्हाई म्हणून जिवाला लावून घेऊ नको. तू वळली आसतीस तर तेवढ्यात पोरीचा मास्क सरकला आसता. संपतला इचार, तो बी हेच म्हणंल.

लिफाफा साळूबाईकडून आणला न्हाई. तुम्ही आल्यावर तुमच्या हातानं काय करायचं ते करा.

आमचा बूथ कालपासून चालू झालाय. नंबर संपतच्या डायरीत आहे. अंगणवाडी सुटली की रोज बारा ते एक मी तिथं बाकावर बसून ऱ्हाते, बूथवाल्याला सांगून ठेवलंय. फोन लाव. मित्राला बोलायचा तरास व्हत आसंल तर बोलू नको म्हणावं. फोन तोंडाजवळ धरून तिनं नुसता श्वास घ्यावा, आत आणि बाहेर. मला तो ऐकायचाय.

माझ्यावर माया असू दे.

तुझी,
अक्का