फाटकाबाहेरची तहान

६ मे, सोमवार

आज पुन्हा पायात काळे बूट चढवले. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता मस्त लोळायचं. पण दोंडाईच्याच्या घरात लोळून लोळून अंगाला गंज चढायला लागला. मेघा धुळ्याहून फोनवर रोज बजावायची, आई आता आराम कर. शेवटी तिला सांगून टाकलं, आराम केला की मला तापच येतो. ती हसली आणि ही डायरी पाठवून दिली. म्हणाली, पोलीस ठाण्याची डायरी जन्मभर लिहिलीस, आता स्वतःची लिही.

सकाळच्या गाडीने निघाले. अमळनेरला चहा घेतला आणि जळगावला उतरले तेव्हा ऊन डोक्यावर यायचं होतं. कंपनी फक्त निवृत्त पोलिसांनाच कामावर घेते, बंगल्यांच्या राखणीसाठी. निळा शर्ट, निळी पँट, काठी, शिट्टी. आरशात बघितलं. अजून कुणी हुज्जत घालणार नाही असं ध्यान दिसतंय.

बंगला नशिराबादच्या रस्त्याला, केळीच्या मळ्यामागच्या वसाहतीत, अगदी टोकाला. शेजारचे बहुतेक बंगले उन्हाळाभर बंद, मालक पुण्या-मुंबईला. आमच्या बंगल्यात रत्नाअक्का फेगडे एकट्या राहतात. मुलगा प्रेमराज पुण्याला. अक्का काटक आहेत, बोलणं तिखट. मला पहिलाच प्रश्न, भाकरी थापता येते का. म्हटलं, येते, पण मी राखणीला आलेय. त्या म्हणाल्या, मग दोन्ही कर.

सगळ्यात आनंदाची गोष्ट म्हणजे रात्रपाळीला अमीनभाई! अमीन शेख, धुळ्यात आम्ही कितीतरी बंदोबस्त एकत्र काढले. आता ते जळगावला मुलीकडे, यास्मिनकडे असतात. दिवस माझा, रात्र त्यांची. ते म्हणाले, ताई, चोरांनी आता जिल्हा सोडावा.

७ मे, मंगळवार

पाळी बदलताना अमीनभाई थोडा वेळ थांबतात आणि अक्कांना पेपर वाचून दाखवतात. अक्कांना दिसतं सगळं, पण ऐकायला आवडतं. मरणाच्या बातम्या आधी वाचायला लावतात.

दुपारी इथे चिटपाखरू नसतं. डांबर मऊ पडतं. केळीची पानंसुद्धा हलत नाहीत. मी फाटकाजवळच्या शेडमध्ये माठ भरून ठेवलाय, वर ओलं फडकं. उन्हात कुणी आला-गेला तर पाणी हवंच. अक्कांनी तो माठ बघितला आणि तडक आत गेल्या.

९ मे, गुरुवार

आज अक्कांशी वाजलं.

ऐन दुपारी फाटकाशी एक माणूस उभा राहिला. टक्कल पडलेलं, डोक्यावर काही नाही. अंगावर आमच्याच कंपनीचा निळा शर्ट, खिसा उसवलेला. पायात वहाण नाही आणि तापलेल्या डांबरावर स्थिर उभा. ओठ इतके फुटलेले की बघवेना. म्हणाला, "बहीन, घोटभर पानी दे वं."

मी लगेच माठाकडे वळले. तेवढ्यात वर खिडकीची काच दणादणा वाजली. अक्का पेल्याने काच बडवत होत्या.

"देऊ नको! दिपमाला, देऊ नको त्याला!"

मी वर बघितलं, परत वळले, तर फाटकाशी कुणी नाही. रस्ता सरळ आहे, लपायला आडोसा नाही.

मला राग आला. तहानलेल्याला नाही म्हणायचं आमच्या खान्देशात कुणी शिकवलेलं नाही. तसं अक्कांना तोंडावर सांगितलं. त्यांनी मला बसवलं आणि म्हणाल्या, तो सुपडू होता. तुझ्याआधीचा राखणदार, तोही पोलिसातलाच. गेल्या वर्षी मे महिन्यात याच फाटकावर एका बाईने पाणी मागितलं, त्याने तांब्या भरून दिला. संध्याकाळपर्यंत तो नळाला तोंड लावून होता. दुसऱ्या दिवशी मेला. ती बाई पुन्हा दिसली नाही. आता हा येतो. हे सुरू कुणापासून झालं, कुणालाच ठाऊक नाही. त्याला पाणी देणारा त्याची जागा घेतो, एवढं मात्र पक्कं.

मी ऐकून घेतलं. म्हातारं माणूस, रिकामं घर, मन काहीही जुळवतं. फाटकावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण काढून बघितलं. मी दिसते. मान वाकडी करून कुणाशी तरी बोलते. समोर फाटक आणि ऊन.

११ मे, शनिवार

पुन्हा आला. या वेळी मी पाठ फिरवली नाही. ठाण्यात उभं करायचे तसं विचारलं, नाव सांग, गाव सांग, शर्ट कुठून आणला. त्याने फक्त फाटकाचे गज धरले आणि तेच वाक्य म्हणाला. मी काठी आपटून हाकललं तर माझ्याकडे बघत राहिला. डोळ्यांतही ओल नव्हती. वाळलेल्या बोरासारखे डोळे.

गेल्यावर पाहिलं. त्याने धरलेल्या गजांवरचा रंग पापुद्रे होऊन पडला होता. माठ सकाळी गळ्यापर्यंत भरलेला, तो कोरडा ठणठणीत. खाली थेंबाचा डाग नाही.

घाबरले का? हो, घाबरले. पण दंगलीतही घाबरले होते, तेव्हा काय घरी गेले? अक्कांना सांगितलं, तुमचं खरं. पाणी देणार नाही आणि फाटकही सोडणार नाही. त्या म्हणाल्या, मी हे घर सोडत नाही, तू फाटक सोडू नको, बाकी त्याचं त्याने बघावं. दोघी हसलो. बरं वाटलं.

१५ मे, बुधवार

अमीनभाईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं, चेष्टा करतील. पण टक्कल आणि उसवलेला खिसा ऐकल्यावर ते खाली बसले. सुपडू आणि ते भुसावळला एकाच खोलीत राहायचे म्हणे, नोकरीच्या सुरुवातीला. रात्रपाळीमुळे त्यांना तो दिसलेला नाही. मला विचारत होते, फार तहानलेला दिसतो का.

अंगणातली तुळस वाळली. दोन वेळा पाणी घालते तरी.

१८ मे, शनिवार

सोमवारी धुळ्याचं मतदान. माझं नाव दोंडाईच्याला, मी मत कधी चुकवलं नाही. इकडचं गेल्या सोमवारी झालं, म्हणून अमीनभाई माझी दिवसपाळी करणार आहेत. दहादा बजावलं, फाटकावर कोणीही येवो, पाणी द्यायचं नाही. ते म्हणाले, ताई, जा निवांत. पण माझ्याकडे बघितलं नाही.

२१ मे, मंगळवार

बोटाची शाई वाळायच्या आत परत आले. उशीरच झाला.

फाटकावर कुणी नव्हतं. अक्का पायरीवर बसलेल्या. म्हणाल्या, काल दुपारी काच बडवली, ओरडले, अमीनने ऐकलं नाही. पेला भरला, गजांतून हात बाहेर काढून त्याला पाजला, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. मग सुपडू नव्हताच तिथे. अमीनने पेला परत भरला आणि स्वतः प्यायला. मग परत भरला.

दवाखान्यात गेले. यास्मिन बाहेर भिंतीला टेकून उभी. डॉक्टर म्हणतात ऊन लागलंय. सलाइन चालू आहे, तरी अंगाची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहते, कागदासारखी. जीभ काळी. मला ओळखलं. बोलताना घशातून खरखर येत होती.

"सुपडूच होता, ताई. ओळखीच्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

मग पाणी मागितलं. मी पाजलं. इथे पाजायला हरकत नव्हती, अजून जिवंत होते. पाजत राहिले. काही उपयोग झाला नाही.

२२ मे, बुधवार

अमीनभाई पहाटे गेले.

यास्मिनने हात धरून विनवलं, खाला, ती नोकरी सोडा. मेघाचाही फोन. कंपनीचा साहेब म्हणतो, वाटलं तर दुसरीकडे लावतो, या बंगल्यावर दुसरं माणूस पाठवू. म्हणजे दुसरं कुणीतरी माठ भरून ठेवणार. कुणीतरी दयाळूच. नाही म्हणून सांगितलं.

प्रेमराजला फोन लावून भांडले. आईला घेऊन जा म्हणाले. अक्का ऐकेनात. मी म्हटलं, अक्का, हे पळून जाणं नव्हे, त्याचा घास काढून घेणं आहे. तेव्हा कुठे मान हलवली. प्रेमराज सोमवारी सकाळी गाडी घेऊन येतो. तोवर मी दिवसरात्र इथेच.

२४ मे, शुक्रवार

आज अमीनभाई आले.

फाटकाशी. निळा शर्ट. पेपर वाचायचा चष्मा खिशात. अनवाणी. म्हणाले, "ताई, एक घोट."

मी शेडचा खांब धरून उभी राहिले. मला रडू आलं आणि त्यांनी माझ्या डोळ्यांतल्या पाण्याकडे बघितलं. तसं बघणं मी कधी पाहिलं नाही. झटकन डोळे पुसले. म्हटलं, अमीनभाई, तुम्ही माझे भाऊ. पण तुमच्या तोंडून जे मागतंय त्याला मी थेंब देणार नाही. ऐकलंस ना रे? थेंब नाही.

ओरडून ओरडून घसा बसला. तो जाईपर्यंत हलले नाही.

२५ मे, शनिवार

पाणी टिकत नाही. टाकी, कळश्या, कूलर, सगळं दुपारपर्यंत आटतं. प्यायलेलंही अंगाला लागत नाही. ओठ फुटलेत. अक्का बोलताना अडखळतात.

तो आज दुपारभर उभा होता. अक्कांना हाका मारत होता. पेपर आणलाय म्हणत होता. अक्का कानांवर हात ठेवून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, असा कसा गं उन्हात उभा ठेवायचा त्याला?

मी खिडक्या लावल्या.

२६ मे, रविवार

सकाळीच आला. आता वेळ पाळत नाही.

मीही पाळत नाही. खुर्ची फाटकासमोर ओढली, त्याच्यापुढे बसून राहिले. त्याने मागायचं, मी नाही म्हणायचं. भुवया जळाल्यासारख्या वाटतात. अंगाला घाम नाही — घाम यायला हवा होता. असो. उठणार नाही. अक्का उद्या गेल्या की —

एकच दिवस.

२७ मे, सोमवार

प्रेमराज आला. अक्का गाडीत बसल्या. जाताना माझ्या तोंडावरून हात फिरवला. हात कोरडा. म्हणाल्या, तू वाघीण. गाडी वळणावर गेली, मी शिट्टी वाजवली. जिंकलो असं वाटलं. खरंच वाटलं.

फाटक लावायला गेले तर बाहेर, खांबाच्या कडेला, अक्कांचा पितळी तांब्या.

रिकामा.

मी प्रेमराजबरोबर गाडीत सामान लावत होते तेव्हा भरून ठेवला असणार. अमीनभाईंसाठी. अक्का, काय केलंत — काय केलंत हो —

फोन लावते. लागत नाही.

लागत नाही.

प्रेमराजचा आला. रडतो. पारोळ्याच्या पुढे. गाडीतल्या सगळ्या बाटल्या प्यायल्या म्हणाला, हॉटेलातला जग प्यायल्या, मग त्याच्या मांडीवर — पुढे ऐकवेना. त्याला म्हटलं, तुझ्या आईला नीट घरी घेऊन जा. बाकी काही सांगितलं नाही.

अमीनभाई नाहीत आज. ते सुटले. एवढं तरी.

शेडमध्ये बसून लिहितेय. ऊन पांढरं. डोळे उघडत नाहीत.

फाटकाशी कुणीतरी आहे.

हिरवं लुगडं. सकाळी नेसलेलं तेच. अनवाणी. गज धरलेत. रंग पडतोय.

"दिपा, तहान लागली गं."

नाही म्हटलं. अक्का, नाही.

पुन्हा. आवाज बारीक झाला. पाय पोळतात म्हणतात. सुपडूने तसं कधी म्हटलं नव्हतं. अमीनभाईंनीही नाही. अक्काच आहेत त्या. कुठेतरी आत अक्काच आहेत —

निघून जाऊ? मागचं दार आहे. बॅग भरलेली आहे. मग उद्या कंपनी कुणाला तरी पाठवेल. तोही विचारेल, म्हातारीला पाणी का द्यायचं नाही. आणि देईल.

नाही.

मला कामावर ठेवलं ते अक्कांच्या राखणीला. फाटकाच्या नव्हे, घराच्या नव्हे. अक्कांच्या. ते काम संपलेलं नाही. मरणाने संपेल असं कुणी सांगितलं नव्हतं.

पाणी देणाऱ्याला ते गिळतं. नाही म्हणणाऱ्याला बाहेरून चाटतं. जवळ जाऊन उभं राहणाऱ्याचं काय करतं — कुणी करून बघितलं नाही. मी बघते.

प्रेमराजची छत्री खुंटीला आहे. माझे बूट अक्कांना होतील.

ऐक, तू जो कोण आहेस तो. थेंब मिळणार नाही. पण अक्का तुझ्याबरोबर उन्हात एकट्या उभ्या राहणार नाहीत.

कडी काढली. गरम —

अक्का बघतात. छत्री उघडली, काखेत धरली. डायरी फाटकाच्या खांबावर टेकवून लिहितेय. हात पुढे केलाय त्यांनी, माझ्याकडे, पाण्याकडे नाही, माझ्या —

धरला. अक्का, धरलाय मी, सोडत नाही, ओढू दे त्याला, मी —