तुझा पाय चुकला नव्हता

माय, आज दुपारी बोरसीतल्या घरासमोर गाडीच्या ब्रेकमधली हवा काढली, एकट्यानंच. तुला आठवत असेल, ब्रेक ऑइलच्या पाइपात हवा शिरली की पेडल पोकळ दबतं. आता मी चाकामागचं हवा सोडायचं निप्पल सैल करून त्याला पारदर्शक नळी लावतो, तिचं दुसरं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवतो आणि स्वतःच जाऊन हळूहळू पेडल मारतो. बुडबुडे थांबले की निप्पल बंद. हथखोजच्या कारखान्यात सोबतचे विचारतात, दुसऱ्या माणसाशिवाय कसं जमतं, आणि मी ऐटीत सांगतो की बाटली असली की माणूस लागत नाही.

पूर्वी तो दुसरा माणूस तू होतीस. सेक्टरातल्या आपल्या जुन्या क्वार्टरसमोर गाडी जॅकवर, मी खाली आडवा आणि तू ड्रायव्हरच्या सीटवर. मी 'दाब' म्हटलं की दाबायचीस, आणि निप्पल आवळून 'सोड' म्हणेपर्यंत तुझा पाय हलायचा नाही. उभ्या गाडीचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचीस, आरशात बघून पदर नीट करायचीस. शेजारच्या काकू फाटकातून विचारायच्या, कुठं निघाली? तू म्हणायचीस, "नागपूरले चालली, येतं का तू?"

त्या दिवशी पेडल काही केल्या कडक होईना. तासभर झाला होता, पाठ भाजत होती. मी काकूंसमोरच ओरडलो, "एक पाय धरून ठेवता येत नाही तुले? सोड म्हणाच्या आधी कावून सोडतं?" तू घाबरलीस. "मले तं वाटलं धरूनच ठेवला होता. चुकला असंल बाप्पा माह्याच पाय," म्हणालीस आणि उतरून आत गेलीस. मग मी बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची टाकी कोरडी होती. मधूनमधून ती भरायचं काम माझं, मीच विसरलो होतो आणि हवा तिथूनच ओढली जात होती. मी गुपचूप ऑइल ओतलं, झाकण लावलं, हात धुतले. तू जेवायला वाढलंस तेव्हाही टाकीचं नाव काढलं नाही.

पुढच्या वेळी बोलावलं तर तू दारातूनच म्हणालीस, "नको रे, माह्या पायानं बिघडते तुही गाडी." मग पाहुण्यांनाही तू हे हसत सांगायचीस आणि मी शेजारी बसून ऐकायचो. त्या सीटवर तू पुन्हा कधी बसली नाहीस. शेवटच्या आजारपणात तुझे पाय चेपत होतो, तेव्हा टाकीचं खरं अगदी ओठांवर आलं होतं. तू म्हणालीस, "बस झालं, थकला असशीन." आणि मला तेवढंच निमित्त पुरलं. मला लाज वाटते, माय.

हा कागद गाडीच्या कप्प्यात ठेवून देईन, आणखी कुठं टाकणार. आज बायको ओट्यावर येऊन म्हणाली, "मी दाबू का पेडल?" मी म्हणालो, "राहू दे, एकट्यानं सोपं पडते." पडत नाही, दुप्पट वेळ लागतो. टाकीतलं ऑइल आजही तळाला गेलं होतं, वेळेत दिसलं म्हणून बरं. बायको सीटवर असती आणि टाकी मला दिसली नसती, तर मी कोणावर ओरडलो असतो हे मला ठाऊक आहे. म्हणून मी बाटली लावतो.