आये, मी तुझी गोष्ट बदलली

पाचगणी

आये,

तुझं तेरावं आटपून इथं परत आले त्याला महिना झाला. दादा पलटणीत, धाकटी रहिमतपुरात मामाकडे. कुणाशी बोलू? आज यांका जे बोलली ते तुलाच सांगायला हवं होतं, म्हणून लिहिते.

यांका आठवते ना? लढाईत घरदार गेलेली, पोलंडहून आलेली माझ्या वर्गातली मुलगी. तू मला भेटायला शाळेत आलीस तेव्हा तिला पाहून म्हणालीस, "लय वाळलीया गं पोर. हिची आय कुठं हाय?" मी म्हटलं, "वाटेतच गेली." तू भाकरी मोडून तिच्या हातात दिलीस.

त्या शनिवारी वर्गात घरच्या गोष्टींचा तास होता. एकीनं इराणातली सांगितली, एकीनं गोव्यातली. बाई मला म्हणाल्या, "तुझ्या आईला सांगू दे, तू इंग्रजीत कर." मराठी कळणारी मी एकटीच! तू पदर सावरून सुरुवात केलीस. सावत्र पोरगी पाण्याला जाते, विहिरीपाशी म्हातारी भेटते. "माज्या डोईतल्या उवा काढ गं बाई." पोरगी न किळसता काढते, म्हातारी तिचं भलं करते.

उवा! वसतिगृहात नुसता शब्द निघाला तरी मुली लांब सरकायच्या. मी सांगितलं, म्हातारीनं पाणी मागितलं, मुलीनं दिलं. संपलं. कुणी हसलंसुद्धा नाही.

मोटारीत चढताना तू विचारलंस, "त्यास्नी आवडली न्हाई व्हय गं?"

मी काय म्हणाले! "असल्या गावंढळ गोष्टी इथं चालत नाहीत."

तू मोटारीत चढून बसलीस. रागवायचंस तरी, आये! पुढं सुट्टीत धाकटीनं किती हट्ट केला, तरी तू गोष्ट सांगितली नाहीस. मग तुला तो ताप आला.

आज यांकाला मी तुझी खरी गोष्ट सांगितली. तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"उवा? माझी आईसुद्धा उवाच सांगायची! जंगलातल्या म्हातारीच्या. त्या दिवशी का नाही सांगितलंस? तुझी आई समोर होती. मी तिला सांगितलं असतं."

ती रडत होती, आणि तिच्या शेजारी बसायचीही मला लाज वाटली.

येत्या शनिवारी वर्गात उभी राहून सगळं खरं सांगेन. मुली सरकल्या तर सरकू देत. मग मामाकडे जाऊन धाकटीला जवळ घेईन आणि तुझ्याच बोलीत सांगेन, एक शब्दही न गाळता.

तुझी थोरली,
इंदू