प्रस्थान बेटम्याला ठेवलंय

२ नोव्हेंबर, रविवार
ठरलं. एकट्याने जायचं. अलीराजपूरच्या पलीकडचे डोंगर, थेट नर्मदेच्या काठापर्यंत. पाठीवर सॅक. पायी, लिफ्ट मागत, रस्ता असेल तिथे बसने. बुकिंग नाही, ओळखपाळख नाही. पूर्ण आठवडा.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मन डगमगणार नाही. प्रीतीची बदली भोपाळला झाली त्याला वर्ष होत आलं. ती म्हणते, तूही ये. मी म्हणतो, आईला टाकून कसा येऊ? परवा फोनवर म्हणाली की आईंचं नाव पुढे करू नकोस, तू जन्मात एकटा तासाभरावरच्या बेटम्याच्या पुढे गेलेला नाहीस, घराबाहेर एक रात्र काढायची तुझी हिंमत नाही. या महिन्यात काय ते ठरव, नाहीतर मी माझं ठरवते. बायकोने नवऱ्याशी असं बोलू नये. पण मी ते चॅलेंज म्हणून घेतलं आहे. मी जाऊन आलो की आपण कोणाशी लग्न केलंय हे तिला कळेल. मग आपणहून इंदूरला बदली मागेल.

आणि भटकंती आमच्या रक्तातच आहे. पणजोबा होळकरांच्या फौजेत होते.

४ नोव्हेंबर, मंगळवार
राजवाड्याला जाऊन सॅक घेतली. भलीमोठी. शिट्टी, टॉर्च, पावसाळा संपला असूनही रेनकोट. दुकानदाराने विचारलं, किधर की तैयारी है भिया? सांगितलं. तो म्हणाला, अरे वाह, उधर तो मेरा ससुराल है, सीधी बस जाती है, पैदल कायको मर रहे हो? बूट दुसऱ्या दुकानातून घेतले.

संध्याकाळी आईला सांगितलं. आधी रडली, मग पंचांग घेऊन बसली. माझी सुटी रविवारपासून, आणि रविवारी पश्चिमेला दिशाशूळ. त्या दिशेला त्या वारी निघायचंच नाही. बॉसला दिशाशूळ समजावून सांगता येत नाही.

पणजोबांचाही विषय निघाला. फौजेत होते खरे, पण फरासखान्यात, असं आई म्हणते. म्हणजे तंबू आणि गालिचे. फौज बाहेर पडली की हे मागे राहून उरलेले गालिचे झटकायचे. असो. तंबू म्हणजे आउटडोअरच.

६ नोव्हेंबर, गुरुवार
तोड निघाली! गोपीनाथ गुरुजींनी सांगितलं, प्रस्थान ठेवा. चांगल्या मुहूर्तावर आपलं सामान प्रवासाच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. शास्त्राप्रमाणे प्रवास तेव्हाच सुरू होतो, माणूस मागून सोयीने निघाला तरी चालतं. शैलजामावशी राहते बेटम्याला, धार रोडवर, म्हणजे पश्चिमेलाच. सकाळी तिचा मुलगा मालोजी कार घेऊन आला. आईने सॅकच्या वरच्या खिशात सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ घातले. मी दारात उभं राहून सॅकला निरोप दिला. अंगावर काटा आला.

म्हणजे आजपासून मी प्रवासात आहे. प्रीतीला मेसेज केला, निघालो. हे खोटं नाही. तिचं उत्तर लगेच आलं, खरंच? आणि मग, काळजी घे. असं तिने किती दिवसांत लिहिलं नव्हतं. तो मेसेज मी पोलोग्राउंडच्या ऑफिसात दिवसभर उघडून बघत होतो.

९ नोव्हेंबर, रविवार
आज निघणार होतो. पण आईचा गुडघा. ती म्हणते बरा आहे, पण चेहऱ्यावर दिसतं. शिवाय सकाळी गार वारा होता आणि स्वेटर सॅकमध्ये, सॅक बेटम्याला.

प्रीतीने विचारलं, कुठे आहेस? लिहिलं, बेटमा सोडतोय. फोटो पाठव म्हणाली. नेटवर्क नाही असं कळवलं. त्यावर तिने विचारलं, मग हा मेसेज कसा आला? प्रश्न टेक्निकल आहे. उत्तर दिलं नाही. दुर्गम भागातला माणूस लगेच उत्तर देत नसतो.

कोणी बघेल म्हणून घराबाहेर पडता येत नाही. जिना चढ-उतर केला. पाय तयार होतायत. एकांतही मिळतोय.

१२ नोव्हेंबर, बुधवार
घात झाला. सकाळी तोंडाला रुमाल बांधून कचोरी आणायला गेलो तर दुकानात श्रेया उभी. श्रेया म्हणजे प्रीतीची धाकटी बहीण. डोळ्यांवरून ओळखलं तिने. म्हणाली, जीजू, तुम्ही तर जंगलात होता ना? इथे कैसे?

मी तिला प्रस्थानाचं शास्त्र पहिल्यापासून समजावलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली की ताईने बँकेत सगळ्यांना सांगितलंय, माझा नवरा एकटा निघालाय म्हणून. नकाशा काढून दाखवते सगळ्यांना. कितने दिन बाद इतकी खूश होती ती, जीजू.

कचोरी तिथेच ठेवून घरी आलो. प्रीती माझा नकाशा दाखवते हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी तिचा मेसेज आला, राहू दे. त्याच्या पुढे काही नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
राहू दे म्हणजे काय? आता जाणारच. सकाळच्या बसने बेटमा. मावशीने पोहे केले, मग जेवायला थांबवलं, मग म्हणाली जरा पड. पडलो. उठलो तर ऊन कलायला लागलं होतं. सॅक बघितली तर वरच्या खिशाला भोक. तांदळासाठी उंदरांनी कुरतडली होती. मावशी म्हणाली, सुपारी मात्र शाबूत आहे बघ, म्हणजे शकुन चांगलाच.

हायवेवर अंगठा काढून उभा राहिलो. एक मोटरसायकलवाला थांबला. गाडी बंद पड़ गई क्या? म्हटलं, नाही, सोलो बॅकपॅकिंग. त्याने जरा विचार केला आणि हळूच विचारलं, घर में झगड़ा हुआ क्या भिया? दुसराही थांबला, त्यानेही झगड्याचंच विचारलं. तिसरा होता दूधवाला पिकअप. त्याने काही न विचारता घाटाबिल्लोदला सोडलं.

बेटम्याच्या पुढे! एकटा! तिथून कच्च्या रस्त्याने डोंगराच्या दिशेला चालू लागलो. डोंगर तसा दिसत नव्हता, पण दिशा बरोबर होती. नव्या बुटांनी टाचा सोलल्या. एक कुत्रं बरंच अंतर बरोबर आलं, मग तेही परत फिरलं. बांधावर बसलो. चारी बाजूंना नांगरलेली शेतं, माणूस नाही. हेच तर हवं होतं. पण मी घड्याळ बघितलं. अंधार पडला तर कुठे झोपायचं, हा विचार मी आधी कधी केलाच नव्हता.

इंदूरच्या मंडीत सोयाबीन घेऊन चाललेला ट्रॅक्टर मिळाला. उलट दिशेचा, पण लिफ्ट ती लिफ्टच. वाटेत सॅक परत मावशीकडे ठेवली. निघालेलं प्रस्थान घरी परत आणू नये म्हणतात.

प्रीतीला कळवलं, घाटाबिल्लोद सर. तिने वाचलं. उत्तर नाही. बहुतेक मीटिंगमध्ये असेल.

१७ नोव्हेंबर, सोमवार
आई भोपाळला गेली. एकटी. कापडी पिशवीत दोन लुगडी आणि गुडघ्याचं तेल घेऊन, सकाळच्या बसने. म्हणाली, तुझ्याच्यानं होत नाही, मीच सुनेशी बोलून येते. मी म्हटलं, आई, आज सोमवार, पूर्वेला दिशाशूळ. ती म्हणाली, असू दे.

मला वाटतं, आई समजूत घालेल. प्लॅन वेगळ्या मार्गाने यशस्वी होतोय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
आईचा फोन. प्रीतीच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघ्याला आराम. प्रीती तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. दोघी संध्याकाळी तलावावर फिरायला जातात. परत कधी येतेस विचारलं. आई म्हणाली, प्रीती राहा म्हणतेय, मलाही इथे करमतंय. तुझ्यासाठीच तर अडले होते रे मी तिथे.

मी तर तिच्यासाठी अडलो होतो.

फोन प्रीतीकडे दे म्हटलं. तिला विचारलं, मी येऊ का? ती म्हणाली, यश, तू विचारतोस खूप. मी कंटाळले आता. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

पोळ्या जमत नाहीत. ब्रेड आणला.

३० नोव्हेंबर, रविवार
भोपाळहून टेम्पो आला. आईचा पलंग, तिची लोखंडी पेटी आणि देवघर न्यायला. आईने देव मागवले म्हणजे ती आता येत नाही. ड्रायव्हरचं नाव मारुती. चांगला माणूस. आम्ही दोघांनी मिळून पलंग उतरवला. देव मी स्वतः पंच्यात गुंडाळून दिले.

सामान बांधून झालं तेव्हा तो म्हणाला, भाभीजी ने बोला है, भिया को बैठना हो तो बिठा लाना, आगे सीट खाली रखी है. मी म्हटलं, आज कसं जमेल? उद्या ऑफिस आहे, आंघोळही झालेली नाही. तो म्हणाला, नहा लो ना, मैं रुकता हूँ, अपने को कोई जल्दी नहीं.

मी आत गेलो. बादली भरली. ती भरून वाहायला लागली तरी मी तिथेच उभा होतो. बाहेर येऊन सांगितलं, आज नको, पुढच्या आठवड्यात बघतो. गाडी सुरू करून त्याने पुन्हा विचारलं, पक्का ना? मी म्हटलं, पक्का.

संध्याकाळपर्यंत टेम्पो पोचला असेल. प्रीती खाली आली असेल आणि तिने पुढची सीट बघितली असेल. फोन आलेला नाही.

मला जायचं होतं.