झिंग्याच्या कढईतला चहा

६ जानेवारी २००४
कॉफी बंद! म्हणजे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवसाला एक लहान कप चालेल. एका कपात माझी चूळसुद्धा भरत नाही. आमचं माहेर आंध्रच्या सीमेवरच्या सिरोंच्याचं, तिकडे पोरं दात यायच्या आधी कॉफी चाटतात. पण मागच्या गरोदरपणात चौथ्या महिन्यात सगळं गेलं. आता पुन्हा चौथाच लागतोय. हट्ट करायची हिंमत नाही.

सासूबाई खूश. "मी म्हनतच होती, काऊन पेते थे काळं पानी. पोरगं काळं होईन." आमच्या ह्यांचा रंग बघून विचारावंसं वाटलं, ह्यांच्या वेळी तुम्ही काय पीत होतात?

९ जानेवारी
डोकं ठणकतंय. ह्यांच्यावर उगाच ओरडले. मासे ओट्यावर ठेवून हे परत तलावावर निघून गेले.

१२ जानेवारी
माझ्या धाकट्या भावाने, मिथुनने, हैदराबादहून हिरव्या चहाचा डबा पाठवला. फोनवर म्हणाला, "अक्का, जपानात हा भाजून पितात. खरपूस लागतो, कॉफीसारखा." आधी न भाजताच करून पाहिला. गवत! गाय असते तर दुसरा कप मागितला असता.

१३ जानेवारी
सासूबाईंनी भाजून दिला. मंद आच, हात सतत फिरता, पानं तपकिरी होताच खाली — सगळं बरोबर. कढई मात्र सुके झिंगे भाजायची! ढिवराच्या, मासेमाराच्या घरात झिंग्याच्या वासाला कोणी वास म्हणत नाही. आणि चहाचं पान शेजारचा वास लगेच उचलतं. पहिल्या घोटाला तलावात पडल्यासारखं झालं.

"काऊन, चांगला नाई लागून राह्यला?"

चांगला आहे म्हणाले. काय करणार, एवढ्या मायेनं भाजलेला. उरलेला ह्यांनी दुपारी भातावर ओतून घेतला. म्हणाले, आज रस्सा पातळ झाला.

१८ जानेवारी
नव्या तव्यावर भाजला. आता छान! कॉफी नव्हे, पण कॉफीची मावसबहीण नक्की. दिवसभर तोच पितेय.

२८ जानेवारी
चंद्रपूरला डॉक्टरीणबाईंकडे. गोळ्या घेऊनही रक्त वाढलं तर नाहीच, उलट उतरलंय. लोहाची गोळी कशासोबत घेता, असं त्यांनी विचारलं. सासूबाई मोठ्या ऐटीत, "त्या भाजल्या चायसंगं. पान्यानं हिले ओकारी येते, म्हनून मीच देतो."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. चहा लोह अंगी लागू देत नाही, मग तो हिरवा असो की भाजका. गोळी आणि चहा यांत तास-दोन तास जाऊ द्या. भाजल्यावर कॅफिन कमी होतं, पण असतंच. तेव्हा कपही दोनच.

बसमध्ये सासूबाई गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करत राहिल्या. गोंडपिपरी आल्यावर हळूच म्हणाल्या, "माह्याच हातानं झालं." मला राग आला होता, भीतीही वाटत होती. पण त्यांचा चेहरा बघवेना. हात धरून घरी आणलं.

२ फेब्रुवारी
चहाचा डबा पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली सासूबाईंच्या कमरेला. लाचही चालत नाही.

१९ फेब्रुवारी
सोनोग्राफी. तिथले डॉक्टर पडद्याकडे बघत यंत्र पुन्हा पुन्हा पोटावर फिरवत राहिले. मग म्हणाले, "दोन आहेत. दोघांचेही ठोके छान."

रडतच बाहेर आले. सासूबाई पांढऱ्याफटक. सांगितलं तेव्हा मला बाकावर बसवलं. पदरानं डोळे पुसले, माझेही पुसले.

"तरीच म्हनलं. एकल्या बाईले येवढी तलफ नसते."