नवसाबाईंच्या मानेची रक्तवाहिनी आणि डॉक्टरांचा मान

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
पंचधारा ट्रस्ट रुग्णालय, नाशिक.

विषय : पत्नीच्या मानेतील रक्तवाहिनीस झालेली इजा व त्यामुळे माझ्या घरात वाढलेला डॉक्टरांचा मान.

संदर्भ : माझा पहिला अर्ज, दि. ८ जुलै.

महोदय,

मी रावजी सावळीराम विधाते, राहणार मखमलाबाद, धंदा भाजीपाला, आपणांस पुन्हा त्रास देतो, कारण गावात सांगितले तर लोक हसतील.

१. माझी पत्नी नवसाबाई हिच्या मानेच्या मणक्याचे ऑपरेशन जूनमध्ये डॉ. ज्ञानेश थेटे यांनी केले. हाड घासताना मणक्याच्या कडेने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटली. डॉक्टरांनी तिथे बोट दाबून धरले, चार पिशव्या रक्त चढवले, आणि बाई वाचली. याबद्दल तक्रार नाही.

२. तक्रार पुढची आहे. भेटायला येईल त्याला ती त्या बोटाचीच गोष्ट सांगते. शेतातली कोवळी मेथी डॉक्टरांकडे जाते, माझ्या ताटात पिवळी पाने. त्यांचा फोटो देव्हाऱ्यात आहे. मी बाहेरच्या बाकावर सात तास उपाशी बसलो, ते कोणी विचारत नाही. ज्याने फाडले त्यानेच दाबले, यात उपकार कसला? मला डॉक्टरांचा हेवा वाटतो. अर्जात असे लिहीत नाहीत, पण खोटे कशाला लिहू.

३. म्हणून पहिल्या अर्जात मी विनंती केली होती की, रक्तवाहिनी कोणाच्या हातून फाटली ते डॉक्टरांनी स्वतः पत्नीस सांगावे. मला त्यांनी त्याच दिवशी सांगितले होते, तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. आपण विनंती मान्य केलीत, आभारी आहे. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी हात जोडून सगळे सांगितले. मला वाटले, आता ही चिडेल. झाले भलतेच. ती रडली आणि म्हणाली, "असं बोलायला लय मोठं काळीज लागतं." मग रिक्षात मला म्हणाली, "वीस वर्सं भाजीची पाटी मीच डोक्यावर वाहिली. तुम्ही गाडीवर रिकामे पुढं जायचे. कधी म्हणलात का, माझं चुकलं म्हणून?"

४. गाडी नवी होती, सीट खराब होईल असे माझे म्हणणे असे. नंतर गाडी जुनी झाली, तरी म्हणणे तेच राहिले.

५. डॉक्टरांचा मान कमी करून मिळावा, हे मागायलाच मी आज लिहायला बसलो होतो. ते राहू द्या. आता विनंती एवढीच की, डॉक्टरांनी आपली चूक तिला नेमक्या कोणत्या शब्दांत सांगितली, सुरुवात कुठून केली, ते मला लिहून मिळावे; त्या वेळी मी तिथेच होतो, पण ती कधी चिडते याकडेच माझे लक्ष होते, शब्द ध्यानात राहिले नाहीत. तीन दिवस झाले, मी तिच्यासमोर जाऊन बसतो, आणि पाणी मागून उठतो.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
रावजी सावळीराम विधाते
दि. २६ ऑगस्ट

सोबत : तिकीट लावलेले पाकीट. त्यावर माझेच नाव आहे, कृपया दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नये.